सादोचा दोस्त : तोफखान्यातला तरुण टॉलस्टॉय

दर काही महिन्यांनी आमच्या मोबाईलवर एक मेसेज फिरत फिरत येतो. रशियाचे जगप्रसिद्ध लेखक लिओ टॉलस्टॉय यांनी मरण्यापूर्वी इस्लाम कबूल केला होता, असा. खाली त्यांचा लांब पांढऱ्या दाढीचा फोटो, आणि शेवटी पुढे पाठवा अशी विनंती. वाचकहो, याला कुठलाही भरवशाचा आधार नाही. टॉलस्टॉय शेवटपर्यंत आपल्या पद्धतीचे ख्रिस्ती राहिले, आणि त्यांच्या पद्धतीमुळे चिडून रशियन चर्चने त्यांना 1901 साली बाहेर काढले. पण हा मेसेज पाठवणाऱ्यांना एक गोष्ट बहुधा ठाऊक नसते. ऐन तारुण्यात हाच माणूस मुसलमानांच्या विरुद्ध लढणाऱ्या फौजेत होता, आणि त्याच फौजेत असताना एका चेचेन मुसलमानाने त्याची अब्रू वाचवली, पुढे जीवही वाचवला. ती हकीकत खरी आहे आणि आम्हाला तीच सांगायची आहे.

टॉलस्टॉयचा जन्म 1828 चा, मॉस्कोच्या दक्षिणेला तुला प्रांतात, यास्नाया पोल्याना या वडिलोपार्जित जहागिरीवर. (तेवीस-चोवीस वर्षांच्या पोराबद्दल बोलायचे आहे म्हणून इथून पुढे आम्ही त्याला ‘तो’च म्हणणार आहोत, म्हातारपणीच्या टॉलस्टॉयना ‘ते’ म्हणू.) दोन वर्षांचा व्हायच्या आत आई गेली, नवव्या वर्षी वडील. मुलं आत्याकडे काझानला आली. काझान म्हणजे तातार मुसलमानांचं जुनं शहर. तिथल्या विद्यापीठात 1844 साली त्याने नाव घातलं ते अरबी-तुर्की भाषांच्या शाखेत. परराष्ट्र खात्यात नोकरी करायची असं मनात होतं. पहिल्याच वर्षी नापास झाला. मग कायद्याकडे वळला, तेही 1847 साली अर्धवट सोडलं. पुढची चार वर्षं काय केलं म्हणाल तर जहागीर सुधारायचे बेत, मॉस्को-पीटर्सबर्गच्या चकरा, पत्ते आणि कर्ज. डायरीत रोज स्वतःला शिस्तीचे नियम लिहून द्यायचे आणि दुसऱ्या दिवशी ते मोडल्याची कबुली लिहायची. आपल्याही ओळखीत असे तरुण असतात.

थोरला भाऊ निकोलाय तोफखान्यात अधिकारी होता. 1851 च्या वसंतात सुट्टी संपवून तो काकेशसला निघाला, तेव्हा हा त्याच्याबरोबर गेला. पक्का विचार वगैरे काही नव्हता. कर्जापासून पळायचं होतं एवढंच. मे महिन्याच्या अखेरीस दोघे तेरेक नदीकाठच्या स्तारोग्लादकोव्स्काया या कॉसॅक वस्तीत पोहोचले.

तिथे काय चाललं होतं ते थोडक्यात सांगायला हवं. रशियाचा झार दक्षिणेकडे सरकत होता आणि दागेस्तान-चेचन्याचे डोंगरी मुसलमान इमाम शामिल यांच्या झेंड्याखाली त्याला अडवत होते. शामिल 1834 पासून इमाम होते. समोरासमोरच्या लढाईत डोंगरी लोक हाती लागत नाहीत, त्यांचा खरा आसरा घनदाट जंगल आहे, हे रशियन सेनापतींच्या लक्षात आलं. मग त्यांनी जंगलच तोडायला घेतलं. हिवाळ्यात फौजा कुऱ्हाडी घेऊन निघायच्या, रुंद पट्टे साफ करायच्या, पुढे किल्ला बांधायच्या. वाटेतली गावं जाळायची, धान्याची कोठारं आणि गवताच्या गंजी पेटवायच्या, गुरं हाकून न्यायची. आज चेचन्याची राजधानी असलेलं ग्रोझनी त्या वेळी असाच एक किल्ला होता, आणि त्या नावाचा अर्थच भयंकर असा आहे. टॉलस्टॉयच्या एका कथेचं नाव ‘जंगलतोड’ आहे. ते नाव ऐकून कुणाला निसर्गवर्णन वाटेल. ती युद्धाची पद्धत होती.

उन्हाळ्यात तो हौशी म्हणून अशा एका मोहिमेबरोबर गेला. नंतर तिफ्लिसला जाऊन परीक्षा दिली आणि जानेवारी 1852 मध्ये तोफखान्यात रीतसर भरती झाला. हुद्दा मिळाला तो आपल्याकडच्या हवालदारासारखा. घराणं उमरावाचं, पण अधिकारी व्हायला अजून दोन वर्षं होती.

आता सादो. सादो मिसेरबियेव्ह हा स्तारी-युर्त गावचा चेचेन तरुण. रशियन किल्ल्यांच्या सावलीत राहणाऱ्या, झारशी तह केलेल्या चेचेनांपैकी. बाप पैसेवाला, पण पैसा जमिनीत पुरून ठेवणारा आणि पोराला कवडी न देणारा. सादो छावणीत येऊन अधिकाऱ्यांबरोबर पत्ते खेळायचा. त्याला हिशेब येत नव्हता, लिहिता येत नव्हतं. आणि स्वतःला सुसंस्कृत म्हणवणारे अधिकारी त्याला खुशाल लुबाडत होते. टॉलस्टॉयला ते बघवेना. त्याने सादोला सांगितलं की तू बस, तुझ्या वतीने मी खेळतो. सादो एवढ्यावर त्याचा कुनाक झाला. डोंगरी लोकांत कुनाक म्हणजे भेटवस्तू देऊन-घेऊन केलेला पाहुणा-मित्र. एकदा कुनाक झालं की एकाचं घर ते दुसऱ्याचं घर, एकाचं संकट ते दुसऱ्याचं संकट. यात धर्म आड येत नाही आणि फौजेचा गणवेशही आड येत नाही.

टॉलस्टॉय स्वतः मात्र पत्त्यांत बुडतच होता. एका अधिकाऱ्याकडे तो बरीच रक्कम हरला, त्यातल्या 500 रुबलची चिठ्ठी लिहून दिली. मुदत जानेवारी 1852 ची. तो तिफ्लिसमध्ये, आजारी, खिशात पैसे नाहीत, भरतीचे कागद अडकलेले. मुदत चुकली तर तक्रार वरपर्यंत जाणार आणि सुरू होण्याआधीच नोकरीवर डाग लागणार. त्या रात्री तो देवाजवळ रडला. सकाळी भावाचं पत्र आलं. झालं होतं असं की सादो त्याच अधिकाऱ्याबरोबर खेळला, जिंकला, आणि जिंकलेल्या पैशाच्या बदल्यात टॉलस्टॉयची चिठ्ठी मागून घेतली. ती घेऊन तो निकोलायकडे धावत गेला आणि विचारू लागला, तुझा भाऊ खूश होईल ना? फाडलेली चिठ्ठी पत्राच्या पाकिटातच होती.

जुगार तो जुगार, सादोची ही कमाई शरियतच्या तराजूत बसत नाही, हे आम्हालाही कळतं. पण ज्याला छावणीतल्या लोकांनी फसवलं, त्याने त्याच छावणीतल्या एकासाठी हे केलं. टॉलस्टॉयने घरी आत्याला (तात्याना येर्गोल्स्काया, नात्याने दूरच्या, पण याला आईच्या जागी) सगळी हकीकत लिहून कळवली. तुलाहून सादोसाठी सहा नळ्यांचं पिस्तूल आणि चावी दिली की वाजणारी संगीताची पेटी विकत घेऊन पाठवा, अशी विनंतीही त्या पत्रात आहे.

दीड वर्षाने, 13 जून 1853 रोजी, दोघे रसदीच्या काफिल्याबरोबर ग्रोझनीला निघाले होते. (या लेखातल्या तारखा रशियाच्या जुन्या पंचांगाच्या आहेत, आजच्यापेक्षा बारा दिवस मागे.) काफिला सोडून पुढे जायला मनाई होती, पण तरुण रक्त, काही जण घोडे पिटाळत पुढे गेले. जंगलातून शामिलचे स्वार निघाले. टॉलस्टॉय त्या वेळी सादोच्या घोड्यावर होता आणि तो घोडा वाऱ्यासारखा पळणारा. एकट्याने सुटणं त्याला सहज शक्य होतं. तो दोस्ताला सोडून गेला नाही. सादोने बंदूक रोखून स्वारांना धाक दाखवला. बंदुकीत गोळीच नव्हती! असं करत करत दोघे किल्ल्यापर्यंत पोहोचले. मागे राहिलेल्यांपैकी काही जखमी झाले. जवळजवळ वीस वर्षांनी टॉलस्टॉयने मुलांसाठी ‘काकेशसचा कैदी’ ही गोष्ट लिहिली, तिची सुरुवात याच प्रसंगावरून सुचलेली आहे. त्यात पकडल्या गेलेल्या रशियन अधिकाऱ्याला सोडवते ती एक लहान तातार मुलगी.

फौजेत तो कसा होता? शूर होता, बेशिस्तही होता. फेब्रुवारी 1853 मध्ये तो तोफेचा नेम धरत असताना शत्रूचा गोळा त्याच तोफेच्या चाकावर येऊन फुटला आणि हा थोडक्यात वाचला. सेंट जॉर्ज क्रॉस मिळणार म्हणून नाव गेलं, तर आदल्या दिवशी साहेब बुद्धिबळात रंगले आणि पहाऱ्याची पाळी विसरले. पदकं वाटली जात असताना हा अटकेत. दुसऱ्या एका वेळी त्याच्या वाट्याचा क्रॉस त्याने एका जुन्या शिपायासाठी सोडला, कारण त्या पदकाबरोबर शिपायाला आयुष्यभराचं पेन्शन मिळायचं.

आणि झोपडीत बसून तो लिहीत होता. ‘बालपण’ हे पहिलं पुस्तक त्याने 1852 मध्ये पीटर्सबर्गच्या ‘सोव्रेमेन्निक’ मासिकाकडे फक्त आद्याक्षरांनी सही करून पाठवलं. संपादक कवी नेक्रासोव्ह. छापून आलं, वाहवा झाली, पण संपादकांनी नाव बदललं आणि सेन्सॉरने कात्री लावली म्हणून हा संतापला. दुसरी कथा ‘छापा’ 1853 ची. हौशी म्हणून पाहिलेल्या मोहिमेतून आलेली; एका गावाची लूट त्यात आहे. तिच्या कच्च्या खर्ड्यात त्याने सरळ प्रश्न घातला होता की या युद्धात न्याय कुणाच्या बाजूला आहे, आपलं घर आणि पोरंबाळं राखायला जुनी बंदूक घेऊन निघालेल्या डोंगरी माणसाच्या, की बढतीसाठी आलेल्या अधिकाऱ्याच्या? उत्तरही त्याने डोंगरी माणसाच्या बाजूने दिलं होतं. तो मजकूर छापील कथेत नाही. पंचवीसाव्या वर्षी त्याला सत्य दिसलं होतं, पण अजून ते पेलवत नव्हतं असं आम्हाला वाटतं. गणवेश त्याच्या अंगावर होता आणि त्याला तो उतरवायचा नव्हता.

जानेवारी 1854 मध्ये तो एन्साइन, म्हणजे अधिकाऱ्यांतला सगळ्यात धाकटा झाला, आणि त्याची बदली डॅन्यूबवरच्या फौजेत झाली. आता समोर उस्मानी तुर्क. सिलिस्ट्राच्या किल्ल्याला रशियनांनी वेढा घातला होता. हा एका जनरलच्या हाताखाली, बऱ्यापैकी सुरक्षित जागी. नदीकाठच्या बागांमधून रात्री तोफांच्या उजेडात माणसं एकमेकांना मारताना तो तासन् तास बघत असे, आणि त्यात एक विचित्र आनंद आहे असं त्याने आत्याला कळवलं. वाचताना अंगावर काटा येतो. पण त्याने ते लपवलं नाही, म्हणून आम्हीही लपवत नाही. किल्ल्याचे सरदार मूसा पाशा वेढ्यात मारले गेले, तरी किल्ला पडला नाही. अखेर हल्ल्याच्या ऐन तोंडावर वेढा उठवायचा हुकूम आला.

इंग्लंड आणि फ्रान्स तुर्कांच्या बाजूने उतरले, क्रिमियात सेवास्तोपोलला वेढा पडला. टॉलस्टॉयने स्वतःहून तिकडे बदली मागितली. त्याआधी त्याने आणि काही मित्रांनी शिपायांसाठी एक स्वस्त मासिक काढायचं ठरवलं होतं. खर्चासाठी यास्नाया पोल्यानातलं जन्माचं मोठं लाकडी घर त्याने विकलं. घेणाऱ्याने ते सुटं करून उचलून नेलं. झार निकोलसने मासिकाला परवानगी नाकारली. पैसे शिल्लक राहिले, आणि जानेवारी 1855 मध्ये दोन दिवस-दोन रात्री पत्ते खेळून ते त्याने उडवले. जहागिरीवर आजही त्या घराची रिकामी जागा दाखवतात.

सेवास्तोपोलला तो नोव्हेंबर 1854 मध्ये पोहोचला, सेकंड लेफ्टनंट म्हणून. 1855 च्या एप्रिल-मे मध्ये त्याची पाळी चौथ्या बुरुजावर लागली. फ्रेंच खंदक तिथे अगदी जवळ आलेले, सगळ्यात धोक्याची जागा. चार दिवस बुरुजावर, मग काही दिवस आराम, पुन्हा बुरूज. जमिनीखालच्या खोलीत, वर गोळे पडत असताना, तो लिहीत होता. जिथे एके काळी उमरावांची सभा आणि नाच चालायचे त्या इमारतीत आता हातपाय कापले जात होते. हे सगळं त्याच्या पहिल्या सेवास्तोपोल-चित्रात आहे. नवा झार अलेक्झांडर दुसरा याने ते वाचून फ्रेंचमध्ये भाषांतर करायला सांगितलं. घोड्यावरून निबंध लिहिणारे देशभक्त खूश झाले.

दुसऱ्या चित्राने ती खुशी घालवली. त्यात बुरुजावरचे अधिकारी मरणाच्या दारातही पदकाचा, बढतीचा, कोण कुणाबरोबर फिरायला गेला याचाच विचार करतात. आणि प्रेतं उचलण्यापुरत्या थांबलेल्या लढाईत रशियन आणि फ्रेंच शिपाई तंबाखूची देवाणघेवाण करत हसतात. सेन्सॉर भडकला. मजकूर जागोजाग कापला, वर संपादकांना देशभक्तीची वाक्यं चिकटवावी लागली, आणि लेखकाच्या नावाशिवाय तो छापला गेला. रशियन शिपाई कसा भुकेला ठेवला जातो, मारला जातो, त्याच्या नावाचे पैसे वरचे कसे खातात, यावरही त्याने फौज सुधारण्याचा एक मसुदा लिहायला घेतला होता. हे सगळं नोकरीत असताना, हे लक्षात घ्या.

इथे आपल्या घरचा एक धागा सांगायचा मोह आवरत नाही. बिठूरच्या नानासाहेब पेशव्यांचे वकील अजीमुल्ला खान नानांच्या पेन्शनचा दावा घेऊन लंडनला गेले होते. तिथे हात हलवत परतावं लागलं. परतताना माल्टाला त्यांच्या कानावर आलं की जूनमधल्या हल्ल्यात रशियनांनी इंग्रज-फ्रेंचांना मागे रेटलं. इंग्रजही हरू शकतो, हे डोळ्यांनी बघायला ते थेट सेवास्तोपोलच्या इंग्रज छावणीत गेले. ‘टाइम्स’चे बातमीदार रसेल यांना ते तिथे भेटले आणि रसेल यांनी ते लिहून ठेवलं. दोनच वर्षांनी 1857 झालं. त्या उन्हाळ्यात टॉलस्टॉय शहरापासून काही कोसांवर बेल्बेक नदीकाठी दोन डोंगरी तोफांचा प्रमुख होता. पेशव्यांचा मुसलमान वकील आणि रशियन उमराव, आघाडीच्या दोन बाजूंना.

ऑगस्टमध्ये चोर्नाया नदीवर रशियनांचा चढाईचा डाव फसला, हजारो माणसं हकनाक गेली. सेनापतींची टर उडवणारं एक गाणं शिपायांच्या तोंडी झालं आणि त्याचा कर्ता म्हणून टॉलस्टॉयचं नाव घेतलं जाऊ लागलं. वरिष्ठांच्या मनातून तो उतरला. 27 ऑगस्टला शहर पडलं. दुसऱ्या दिवशी त्याचा सत्ताविसावा वाढदिवस होता. जळतं शहर आणि बुरुजांवरची फ्रेंच निशाणं बघून तो रडला. नोव्हेंबर 1856 मध्ये त्याने राजीनामा दिला तेव्हा तो लेफ्टनंट होता.

एक गोष्ट खटकते ती सांगितलीच पाहिजे. क्रिमिया तातार मुसलमानांची भूमी. या युद्धात त्यांच्यावर फितुरीचा संशय घेतला गेला आणि युद्धानंतर ते मोठ्या संख्येने घरंदारं सोडून तुर्कस्तानात गेले. टॉलस्टॉयच्या सेवास्तोपोलच्या लिखाणात त्यांना जागा नाही म्हटलं तरी चालेल. ज्याने खंदकातल्या रशियन शिपायाचं मन वाचलं, त्याला शेजारच्या तातार गावाचं दुःख त्या वेळी दिसलं नाही.

मात्र काकेशस त्याच्या मनातून गेला नाही. 1851 च्या अखेरीस तो तिफ्लिसमध्ये असतानाच शामिलचे नामांकित नायब हाजी मुराद शामिलशी बिनसल्यामुळे रशियनांना येऊन मिळाले होते. शहरभर त्याचीच चर्चा. टॉलस्टॉयने भावाला लिहिलेल्या पत्रात त्या कृत्याला नीच ठरवून विषय संपवला. पुढच्याच वसंतात हाजी मुराद रशियनांच्या पहाऱ्यातून निसटताना लढत मारले गेले. शामिल 1859 मध्ये गुनिब इथे कैद झाले आणि 1871 मध्ये मदिनेत वारले, जन्नतुल बकीत दफन झाले.

1896 साली, अडुसष्टाव्या वर्षी, टॉलस्टॉय नांगरलेल्या शेतातून चालले होते. सगळं रान उलटंपालटं झालेलं, आणि कडेला एक काटेरी झुडूप, मोडलेलं, चिखलाने माखलेलं, तरी उभं. त्यांना हाजी मुराद आठवले. त्यानंतर आठ वर्षं ते अधूनमधून त्या कादंबरीवर काम करत राहिले, जुने कागद वाचले, अनेक खर्डे केले. ‘हाजी मुराद’ त्यांच्या हयातीत छापली गेली नाही. 1910 मध्ये ते गेले आणि 1912 मध्ये ती आली. (मधल्या काळात इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद अब्दुह यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला, कलकत्त्याचे अब्दुल्ला सुहरावर्दी यांच्या पुस्तकावरून त्यांनी हजरत मुहम्मद (स.) यांच्या वचनांची छोटी पुस्तिका रशियनमध्ये काढली, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या गांधीजींशी पत्रं झाली.)

त्या कादंबरीत एक प्रकरण आहे, जेमतेम दोन-तीन पानांचं. रशियन फौज छापा मारून गेल्यावर एक चेचेन घरमालक गावात परततो. छप्पर पडलेलं, जर्दाळू आणि चेरीची झाडं तोडून जाळलेली, मधमाश्यांची पोळी जळालेली. पाठीत संगीन खुपसून मारलेला त्याचा मुलगा मशिदीत आणला गेलाय. विहीर घाण करून ठेवलीये, मशीदही. म्हातारे मंडळी चौकात बसतात. रशियनांबद्दल त्यांना काय वाटतं ते टॉलस्टॉयनी असं लिहिलंय की द्वेष हा शब्दही तिथे तोकडा पडावा. पन्नास वर्षांपूर्वी ‘छापा’च्या खर्ड्यातून जे गळालं होतं, ते इथे आहे, कुठलीही सारवासारव न करता.

त्या घरमालकाने आदल्या काही दिवसांपूर्वी जिवावर उदार होऊन हाजी मुराद यांना पाहुणा म्हणून आसरा दिला होता. टॉलस्टॉयनी त्याचं नाव ठेवलंय सादो. आणि खऱ्या सादोच्या स्तारी-युर्त गावाला पुढे टॉलस्टॉय-युर्त हे नाव मिळालं.